कोपऱ्याचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे. चौकोनी, जाड लोखंडी पत्र्याचा, पिझ्झा भाजायचा. आज मी भिंतीवर लख्ख चमकताना दिसतो, म्हणून तुम्ही म्हणाल, काय नशीब काढलंय यानं! आधी माझं ऐका, मग बोला.

मला विकत घेणाऱ्या माणसाला सगळी गल्ली मामा म्हणायची. बोळाच्या तोंडाशी त्यांचं पिझ्झाचं लहानसं दुकान होतं. त्यांनी मला तेल चोळलं आणि भट्टीत रिकामंच तापवलं. पुन्हा तेल, पुन्हा भट्टी. "आता पाण्याला शिवायचं नाही हं, राजा," असं ते मला म्हणाले. काम संपलं की अंगावरून तेलाचं फडकं फिरायचं, बाकी काही नाही. अशी वर्षं गेली आणि मी काळाकुळकुळीत झालो. त्या काळेपणाचा मला गर्व होता. पीठ माझ्या अंगाला चिकटायचं नाव घेत नसे.

आमचा पिझ्झा जाडजूड आणि चौकोनी असायचा. चीज काठावरून ओघळायचं, माझ्या अंगाला लागून खरपूस व्हायचं आणि कोपऱ्याला कुरकुरीत किनार धरायची. आमच्या दोन-चार गल्ल्या सोडल्या, तर हा प्रकार कुणाला ठाऊक नव्हता. पाहुणे नाक मुरडायचे, "अहो, पिझ्झा गोल असतो!" मामा म्हणायचे, "मग कोपरा कुठून आणू?"

सगळी चव कोपऱ्यात होती ना! कोपरे चार आणि तोंडं गल्लीभर. एका कोपऱ्यावरून दोन साडूंनी अबोला धरलेला मी पाहिला आहे. पण चारांतला एक कोपरा विकायचा नसे. तो मामांच्या लेकीचा. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. शाळेतून आली की ती कोपरा खायची आणि भट्टीकडे डोकवायची.

"बाबा, मी पीठ मळू?"

"अजिबात नाही. भट्टीपाशी हात भाजून घेशील. जा, अभ्यास कर."

लेक शिकली आणि नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. मामांना कोण अभिमान! पुढे हमरस्त्यावर झगमगीत दुकानं आली आणि खोक्यातले गोल पिझ्झे घरपोच मिळू लागले. अबोला धरणारे साडूसुद्धा तिकडेच वळले. मामा रिकाम्या दुकानात मला पुसत बसायचे. तिथेच एक दिवस ते कोसळले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. फार कष्टाने एखादा शब्द निघायचा.

लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. सामानात मीही आलो. मामांनी मात्र अन्न टाकलं. घास समोर आला की ते मान फिरवायचे. डॉक्टर म्हणाले, "पोटात काही गेलं नाही, तर हे उठायचे नाहीत. जुनं, आवडीचं काही असेल तर करून बघा."

लेकीला कोपरा आठवला. तिने मला बाहेर काढलं आणि तिला भरून आलं. "अगं बाई, काय दशा झालीये याची!" तिने तारेची घासणी घेतली, साबण घेतला, कढत पाणी घेतलं. बोटं सोलवटली तरी ती घासतच राहिली. मित्रांनो, तिची माया मला कळत होती, म्हणून तर जास्तच दुखत होतं. मामांनी वर्षानुवर्षं चढवलेला थर काळं पाणी होऊन मोरीत गेला.

मग ती मला मामांच्या खाटेशी घेऊन गेली. "बघा बाबा, कसा चकचकीत केलाय!"

मामा बघतच राहिले. बऱ्याच वेळाने शब्द आला, "तेल."

"पाय दुखतायत का, बाबा?" ती धावत तेलाची बाटली घेऊन आली आणि त्यांचे तळपाय चोळत बसली. मामांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. डावा हात तेवढा तिच्या डोक्यावर ठेवला.

पिझ्झा भाजून झाला, पण सुटेना. उलथन्याने खरवडताना चारही कोपरे फाटले आणि माझ्याच अंगाला चिकटून राहिले. तिने मधला मऊ तुकडा ताटलीत नेला. मामांनी एक घास घेतला, हळूहळू चावून गिळला आणि म्हणाले, "छान." त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. थोड्याच दिवसांत ते गेले.

आता मी तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर असतो. कुणी आलं की ती सांगते, "हा बाबांचा. मी फार जपते हो याला, रोज पुसते." ती कोरड्या फडक्याने पुसते. खिळ्यापाशी मला गंजाचा ठिपका आला आहे.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल, तर ती कशी जपायची हे सांगणारं माणूस बोलतंय तोवर विचारून घ्या. आणि मोठ्यांना सांगा, लेकरांचे हात थोडे भाजू द्या. माझ्यासाठी मात्र एवढंच करा. तो ठिपका दिसला की ती पुन्हा घासणी घेऊन येईल. त्याआधी कुणीतरी तिला सांगा, बाबा पायांना तेल मागत नव्हते.