सिकंदरचं साधं अक्षर

मित्रांनो, काळा रंग उडून राखाडी झालेला, कोपऱ्याचा टवका गेलेला लाकडी फळा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. तसाच मी एक आहे. फलटणच्या एका सुताराने मला घडवले आणि मी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत गेलो. तिथे विनोदिनीबाई शिकवत. प्रयोग झाला की त्या मुलांना म्हणत, "वाटलं काय, ते नंतर. आधी दिसलं काय, ते लिहा." वीस वर्षे माझी कौतुकात गेली. मग पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि मी सायकलींच्या छपराखाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

निवृत्तीनंतर बाई कडेगावच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मदत करू लागल्या. जाताना त्यांनी मलाही टेम्पोत घालून नेले. तिथे दर मंगळवारी दारू सोडणारी माणसे आपल्या हातून काय घडले ते माझ्यावर लिहितात. घरची माणसे समोर बसून वाचतात.

सिकंदर आला तेव्हा मी हरखलो. तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा! त्याच्या बायकोने, जरिनाने, निरोप धाडला होता, "मंगळवारी अर्फाला घेऊन येते. खरं सांगितलं तर घरी चला. न्हाईतर न्हाई." अर्फा त्यांची मुलगी. तिला दहावीच्या पेपरला नेताना सिकंदरची स्कूटर पडली होती आणि तिचा उजवा हात मोडला होता. कुत्रं आडवं आलं, असे तो सगळ्यांना सांगत आला होता.

त्या मंगळवारी त्याने सावली दिलेल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिले, 'नियतीच्या वादळात संसाराची नाव भरकटली.' भोवती वेलबुट्टी काढली. मित्रांनो, इतका देखणा मी कधीच दिसलो नव्हतो.

"आयला, लग्नपत्रिकाच की!" त्याचा केंद्रातला सोबती आकाराम ओरडला. "आहेर आणू नये, एवढं लिव खाली गड्या!"

सगळे हसले. जरिना मात्र उठून उभी राहिली.

"सिकंदर," बाई म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे. पण त्या सकाळी रस्त्यावर काय झालं?"

त्याने ओल्या फडक्याने मला पुसले. 'मी त्या सकाळी' एवढे लिहून तो थांबला.

"टेन्शनमधी हुतो," आकारामने पुढचे सुचवले.

"थांबा आकाराम. त्यांचं त्यांना लिहू द्या," बाई म्हणाल्या.

सिकंदरने खडू दोनदा टेकवला, दोनदा उचलला. मग वाकड्यातिकड्या ओळी उमटल्या. 'मी त्या सकाळी प्यायलो होतो. कुत्रं नव्हतं. गाडी मी पाडली. अर्फाला खोटं बोलायला लावलं.'

अर्फा हळूच म्हणाली, "अब्बा, मी तर ते काळं होतं म्हणून सांगितलं. शाळेत मॅडमनी विचारलं, तर शेपटी तुटकी होती म्हटलं."

"आता नको सांगूस, बेटा," सिकंदर खडू खाली ठेवत म्हणाला.

जरिनाने डोळे पुसले आणि त्याची पिशवी उचलली. "चला. दोनची यस्टी हाय. आन् उद्या तिच्या मॅडमना तुमीच सांगायचं."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी कोणी अडखळत खरं सांगू लागलं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जवळ बसा. लागेल तेवढा वेळ लागू द्या.