चार कुंड्यांचं तेल

एन्डांगने चष्मा पुसला आणि यंत्रावरचा आकडा पुन्हा वाचला. चोपन्न टक्के तेल. बाकीच्या कुंड्यांतले शेंगदाणे सेहेचाळीसच्या वर सरकायला तयार नव्हते. चार कुंड्या मात्र थेट चोपन्नावर.

दाण्यात तेल जास्त साठावं म्हणून तिने त्यात नवा जनुक घातला, त्याला सहा वर्षं झाली होती. बोगोरच्या त्या संशोधन केंद्रात लोक म्हणत, बाईंचा घाम निघाला, तेल काही निघालं नाही.

संचालकांना सांगायला तिने फोन उचलला, तेवढ्यात काचघराचे माळी तार्मुजी, सगळ्यांचे 'पाक', टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"इबू, तो फोन जरा खाली ठेवता?"

"पाक, आज सगळ्यांना कोंबडीचं साते माझ्याकडून!"

"त्या चार कुंड्यांतली तुमची रोपं मेली होती."

तिने फोन खाली ठेवला. "कधी?"

"लावल्यावर पंधरा दिवसांनी. पंखा बंद पडला होता. त्या महिन्यात तुम्ही आधीच दोनदा रडला होतात. मग माझ्या खोलीमागची चार रोपं आणून लावली. तुबान गावच्या बियाण्याची. बायकोच्या माहेरची."

दुपारी तिने त्या चार रोपांच्या पानांची तपासणी केली. तिच्या जनुकाचा मागमूस नव्हता. संध्याकाळी तिने तार्मुजींविरुद्ध तक्रार लिहायला घेतली आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. कागद टेबलावर तसाच ठेवून त्यांना बोलावून घेतलं.

"कुंड्यांतले सगळे दाणे तर यंत्रात गेले. मूळचं बियाणं उरलंय?"

"खारवून खाल्लं, इबू. सासूबाईंकडे असेल. तीस वर्षं एकेक दाणा स्वतः निवडून ठेवतात. कुणाला हात लावू देत नाहीत."

एन्डांगने तिथल्या तिथे तुबानला फोन लावला. म्हातारीचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"बियाणं देईन की पोरी. पण न्यायला जावई आला पाहिजे. नऊ वर्षांत तोंड दाखवलं नाही मेल्याने! आणि आठ दिवस राहू दे. कौलं चाळायचीत, विहीर उपसायचीय."

एन्डांगने फोन ठेवला आणि दौऱ्याचा छापील अर्ज पुढे ओढला. तार्मुजींचा चेहरा पडला.

"इबू, ती तक्रारच पाठवा ना वर. मी सही करतो."

तिने अर्जावर त्यांचं नाव लिहिलं, मुक्काम आठ दिवस. मग खालच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं. 'दौऱ्याचे कारण' या रकान्यापाशी पेन क्षणभर अडलं.

तिने लिहिलं: प्रशिक्षण.