पंचेचाळीस मिनिटांत माफी

आबांनी तीस वर्षं ज्या रस्त्यावर बस चालवली, तो रस्ता आज त्यांना विमानाने ओलांडायचा होता, आणि ते त्यांना मुळीच पटलं नव्हतं. रस्त्याने तीनशे चाळीस किलोमीटर, घाट धरून आठ तास. हवेतून म्हणे दोनशे दहा आणि पंचेचाळीस मिनिटं. मधले एकशे तीस किलोमीटर गेले कुठे, असं त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलंच.

"वळणं गेली, काका," ती म्हणाली.

ती वळणं आबांना तोंडपाठ होती, त्यामुळे त्यांना जरा रागच आला.

तिकीट लेकीने पाठवलं होतं. तिची मुलगी दोन महिन्यांची झाली होती, आबांची बायको कधीच तिकडे जाऊन बसली होती. आता नातीचं तोंड बघायचं तर आधी लेकीला तोंड दाखवणं आलं, आणि पंचाईत तिथेच होती. दोन वर्षांपूर्वी लेकीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा आबा हट्टाला पेटले आणि तिने लग्नाला बोलावल्यावर फोनवर एवढंच म्हणाले, "लांब पडतं गं." आठवड्यातून तीनदा तिथे जाऊन येणारा माणूस, आणि म्हणे लांब पडतं. लेक एका शब्दाने भांडली नाही. तेच आबांना आजवर सलत होतं.

माफी मागायची हे ठरलं होतं, कशी ते ठरत नव्हतं. आबांचं डोकं चालायचं ते रस्त्यावर. आयुष्यातले सगळे अवघड निर्णय त्यांनी घाट चढताना घेतले होते. बसने गेलो असतो तर आठ तासांत शब्द न् शब्द घोटून झाला असता. असो, विमानात निवांत बसून जुळवू, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

विमान उडालं. आबांची मजल "हे बघ पोरी" इथवर गेली, तेवढ्यात पाणी आलं. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा "हे बघ पोरी" पासून सुरुवात केली आणि खाली बघतात तर घाट संपलेला. ज्या घाटाने त्यांच्या गुडघ्यांची वाट लावली, तो एका ग्लासभर पाण्यात मागे पडला होता. त्यात वैमानिकाने मोठ्या कौतुकाने जाहीर केलं की वारा पाठीशी आहे, सात मिनिटं लवकर उतरतोय.

"जरा हळू घ्या म्हणून सांगता येत नाही का हो?" आबांनी शेजाऱ्याला विचारलं. शेजारी हसला. आबांनी मनापासून विचारलं होतं.

उतरल्यावर ते सामानाच्या पट्ट्यापाशी उभे राहिले. लोक बॅगा घेऊन गेले, पट्टा थांबला, आबा तसेच. मग फोन वाजला.

"बाबा, बॅग तर तुमच्या हातातच दिसतेय मला." काचेपलीकडे लेक उभी होती.

आबा बाहेर आले. "हे बघ पोरी," म्हणाले, आणि जुळवाजुळव तिथेच सोडली. "लांब नव्हतं गं. खोटं बोललो मी. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी रजा काढून डेपोत बसलो होतो. इकडच्या चारही गाड्या डोळ्यांदेखत सुटल्या. शेवटच्या गाडीत चढलो, आणि फाटकापाशी उतरलो."

लेक पुढे आली. मग तिने त्यांच्या हातातली बॅग घेतली.

"त्या दिवशी मी इथे स्टँडवर माझ्या दिराला बसवलं होतं," ती म्हणाली. "चारही गाड्यांना."