बसायला दुभाषा लागत नाही

चौथ्या पोलिसाला चहात साखर किती हवी ते विचारायला सरिता स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा तो तिच्या मुलीच्या दप्तरातली कंपासपेटी उघडून बघत होता.

"एक चमचा," तो म्हणाला. "आभारी आहे."

सकाळचे सव्वासहा वाजले होते. ड्रेस्डेनमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत सहा पोलीस शिरले होते. कुमार, सरिताचा नवरा, नाइट पँटवरच सोफ्यावर बसला होता, शाळेतल्या फोटोला बसतात तसा, हात गुडघ्यांवर ठेवून. अकरा वर्षांची उर्जा दारात उभी राहून आपल्या शाळेचा टॅबलेट प्लास्टिकच्या पिशवीत जाताना बघत होती. तीन महिन्यांसाठी नाशिकहून आलेली कुमारची आई, यमुनाबाई, नुकती आंघोळ करून देवापुढे बसली होती. एकाने तिच्या पुढ्यातला अन्नपूर्णेच्या मूर्तीचा डबा उचलला, खालून-वरून पाहिला आणि परत ठेवला. उलटा ठेवला. यमुनाबाईंनी तो सरळ केला.

दारात माणूस आला की चहा विचारायचा, यापलीकडे सरिताला त्या सकाळी काही सुचलं नव्हतं. पुढे कित्येक आठवडे तिला त्या सहा कपांचा राग येत राहिला.

चिप बनवणाऱ्या कारखान्यांना यंत्रं पुरवणाऱ्या एका लहानशा कंपनीत कुमार अकरा वर्षं इंजिनिअर होता. पोलिसांनी दिलेल्या कागदाप्रमाणे त्याने कंपनीची तीन हजार ड्रॉइंग्ज बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली होती, आणि ती दुसऱ्या कंपनीला विकायचा त्याचा बेत असावा असा संशय होता. कुमारला कपडे बदलू दिले. निघताना तो सरिताला म्हणाला, "अगं, काहीतरी गोंधळ झालाय. दुपारपर्यंत येतो. उर्जाला शाळेला उशीर करू नकोस."

समोरच्या दारातल्या म्हाताऱ्या बाईंनी दार किलकिलं केलं होतं. वरच्या मजल्यावरचा सायकलवाला पायऱ्यांवर थबकून भिंतीला टेकला होता. त्या दोघांच्या मधून कुमारला खाली नेलं.

एक पोलीस मागे थांबला. पांढऱ्या मिशांचा, वडीलधारा, मऊ बोलणारा. चहा छान झालाय म्हणाला. मुलगी कितवीत आहे, तुम्ही कुठे काम करता, असं विचारत राहिला. सरिता एका किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, स्वयंपाकघर सांभाळायची. तिचं जर्मन तीन वर्षांच्या पोरांकडून आणि संध्याकाळच्या वर्गातून आलेलं. त्या वर्गात शिकवलं होतं की विचारलेल्याचं उत्तर पूर्ण वाक्यात द्यावं, कारण सांगावं आणि क्रियापद शेवटी आणावं. म्हणून त्याने जाता जाता विचारलं, की नवरा ऑफिसचं काही घरी आणतो का, तेव्हा तिने पूर्ण वाक्य नीट जुळवून दिलं: हो, शनिवार-रविवारी तो लॅपटॉप घरी आणतो, कारण त्याला भारतात फोन करायचे असतात.

"छान बोलता तुम्ही जर्मन," तो म्हणाला. मग त्याने एक कागद पुढे केला. "इथे सही. नुसती औपचारिकता आहे."

तिने सही केली.

दुपारी कुमार आला नाही. संध्याकाळपर्यंत तो कुठे आहे हेसुद्धा कोणी सांगेना. एका कार्यालयाने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने उद्या सकाळी आठनंतर फोन करा म्हणून सांगितलं. शेवटी सरिताने आपल्या किटाच्या मुख्य बाईंना खरं काय ते सांगून टाकलं, आणि त्यांनी एका वकीलबाईंचं नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी कुमारला न्यायाधीशापुढे उभं केलं, तेव्हा त्या वकीलबाई, फ्राऊ लेनर्ट, त्याच्या बाजूला होत्या. तासाभराने त्या बाहेर आल्या आणि बाकावर सरिताशेजारी बसल्या. कुमारला तुरुंगातच ठेवायचं ठरलं होतं.

"का पण?"

"एक, तो पळून जाईल असं त्यांना वाटतं. मे महिन्याची भारताची तिकिटं सापडली."

"नणंदेच्या मुलीचं लग्न आहे," सरिता म्हणाली. "चौघांची तिकिटं आहेत. सासूबाई राहणार तिथे, पण आमची तिघांची परतीची आहेत. परतीचं तिकीट काढून कोण पळून जातं?"

"मी तेच म्हटलं. आणि दुसरं हे." फ्राऊ लेनर्टनी कागदावर बोट ठेवलं.

तिचं वाक्य तिथे होतं. पण त्याची मोडतोड झाली होती. 'पत्नीच्या म्हणण्यानुसार आरोपी कंपनीचा लॅपटॉप वापरून सुटीच्या दिवशी भारतातील व्यक्तींशी नियमित संपर्क साधतो.'

"भारतातली व्यक्ती म्हणजे त्यांची बहीण," सरिता म्हणाली. "मोठ्या स्क्रीनवर भाचीचे दागिने बघायचे असतात. बाकी काही नाही."

"तुम्ही बायको आहात. तुम्हाला एक अक्षर न बोलण्याचा हक्क होता. तो आधी सांगायला हवा. तसं सांगितल्याची ही तुमची सही आहे."

"मला कोणी काही सांगितलं नाही. तो नुसती औपचारिकता म्हणाला."

"माझा विश्वास आहे," फ्राऊ लेनर्ट म्हणाल्या, "पण सही तुमची आहे. आजपासून त्याच्याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. पोलिसांशी नाही, कंपनीशी नाही, मैत्रिणीशी नाही, फोनवर तर नाहीच. त्याला पत्र लिहाल ते आधी दुसरं कोणीतरी वाचणार आहे, हे धरूनच लिहा."

घरी येईपर्यंत ट्राममध्ये सरिता ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. व्याकरणात एकही चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी क्षितिजचा फोन आला. महाराष्ट्र मंडळाचं सगळं तोच बघायचा. पाच वर्षं गणपतीची आरास कुमारने आणि त्याने मिळून केली होती.

"वहिनी, कळलं आम्हाला. फार वाईट वाटलं. नक्की काय केलं म्हणे कुमारने?"

'काय केलं म्हणे.' सरिताच्या तोंडाशी सगळं आलं होतं, तिकिटं, लग्न, दागिने. तिने ते गिळलं. "वकिलांनी बोलू नका सांगितलंय."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबरच आहे. मी काय म्हणतो, सध्या त्याचं नाव ग्रुपमधून काढून ठेवू या का? तात्पुरतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे व्हिसाचे कागद चालू आहेत. उगाच कोणाचा फोन तपासला, तर सगळ्यांनाच त्रास."

"काढा," सरिता म्हणाली. "माझंही काढा. आणि ते तात्पुरतं नको."

उर्जाला शाळेत काय सांगायचं, यावरून त्या रात्री घरात थोडं वाजलं. यमुनाबाई म्हणाल्या, "बाबा नाशिकला गेलाय म्हणावं. आजारपण निघालं म्हणावं कोणाचं तरी. पोरीच्या कानावर कशाला असलं?"

"तिच्या डोळ्यांदेखत नेलंय, आई. आता ती खोटं बोलली, की तिलाच वाटायला लागेल, लपवण्यासारखं काहीतरी आहे."

उर्जाने ताटातून मान वर केली नाही. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये द्यायची. "पापा हाट निश्ट्स गेमाख्ट," ती म्हणाली. बाबाने काही केलेलं नाही.

"मग तेच सांग," सरिता म्हणाली. आजीला अर्थ सांगावा लागला नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. विश्वास उरला नसल्यामुळे कुमारला कामावरून कमी करण्यात येत होतं. त्याच आठवड्यात भेटीचा परवानाही आला. दर दोन आठवड्यांनी अर्धा तास. खाली अट होती: बोलणं ऐकायला पोलीस हजर राहील, म्हणून ते जर्मनमध्येच करावं, नाहीतर कोर्टाने मान्य केलेला दुभाषा हवा. मराठीचा दुभाषा यादीत नव्हता. हिंदीचा होता, तोही महिन्याभराने मिळणार होता.

"म्हणजे मी माझ्या मुलाशी हिंदीत बोलायचं?" यमुनाबाईंनी विचारलं. "तेसुद्धा तिसऱ्या माणसामार्फत?"

"आई, तुम्ही पुढच्या वेळी या. मी बघते काय करता येतं ते."

यमुनाबाईंनी चाळीस वर्षं शिवणाचे क्लास चालवले होते. नवरा गेल्यावर त्यावरच दोन्ही मुलांना शिकवलं होतं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "मी बोलणारच नाही. नुसती बसेन. विचार तुझ्या त्या वकीलबाईंना, बसायला दुभाषा लागतो का?"

फ्राऊ लेनर्टनी खरंच तसा अर्ज केला. चार दिवसांनी कोर्टाचं उत्तर आलं, तारीख, क्रमांक, शिक्क्यासह. गप्प बसण्यासाठी दुभाष्याची आवश्यकता नाही.

भेटीच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि मधोमध हातभर उंचीची फळी. टोकाला एक तरुण पोलीस वही घेऊन बसला होता. कुमार आला. दाढी वाढलेली, अंगात तुरुंगाचा निळा शर्ट. समोर बसला आणि त्याच्या तोंडून निघालं, "आई, अगं—"

"बिट्टे आउफ डॉइच," पोलीस म्हणाला. जर्मनमध्ये, कृपया.

सोळा वर्षांच्या संसारात ती दोघं एकमेकांशी जर्मन बोललीच नव्हती. सरिता त्याला 'अहो' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची. जर्मनमध्ये 'तुम्ही' परक्या माणसाला म्हणतात; नवऱ्याला म्हटलं, तर पोलिसाने वहीत काय लिहिलं असतं कोणास ठाऊक. तिने घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरे-तुरे केलं.

"वी गेट एस डिअर?" तू कसा आहेस?

"गूट," तो म्हणाला. त्याचं जर्मन मीटिंगमधलं होतं. "आणि घरी परिस्थिती कशी आहे?"

तिचं जर्मन बालवाडीतलं होतं. "घरी सगळे छान खातात," ती म्हणाली. "सगळे छान झोपतात. उर्जाने एक मोठं चित्र काढलं." दहा मिनिटं ती असंच बोलत राहिली. भाचीचं लग्न परवाच पार पडलं होतं, नणंद फोनवर रडली होती, व्हिसासाठी नवीन नोकरी शोधायला आता ठरावीकच महिने उरले होते. यातल्या कशालाच तिच्याकडे धड शब्द नव्हते, आणि होते ते तिने वापरले नाहीत. आपलं एक नीट वाक्य कुठे जाऊन बसतं, ते तिने पाहिलं होतं.

यमुनाबाई अर्धा तास ताठ बसून होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नजर मुलावर. त्यांनी ओठ हलवले नाहीत. वेळ संपली, खुर्ची सरकली, तेव्हा त्यांनी उजव्या हाताची पाच बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवतोस ना?

कुमारने मान हलवली. मग त्याला तोंड फिरवावं लागलं.

पोलीस क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

पुढे जे झालं त्याला खटपट म्हणायचीसुद्धा लाज वाटावी. सर्व्हर बदलायचा होता, म्हणून सगळी ड्रॉइंग्ज डिस्कवर घेऊन ठेव, अशी मेल कुमारला त्याच्याच विभागप्रमुखाने पाठवली होती. कुमारने हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. फ्राऊ लेनर्टनी तीन वेळा लेखी मागणी केली होती. विभागप्रमुख तोवर दुसऱ्या नोकरीवर गेलेला. मेल कंपनीच्या सर्व्हरवरच होती, पण ती शोधायला कोणाला वेळ झाला नव्हता. त्रेपन्नाव्या दिवशी कोणीतरी शोधली. दहा मिनिटांचं काम होतं. डिस्क कंपनीच्याच कपाटात सापडली.

चोपन्नाव्या दिवशी कुमार कागदी पिशवीत कपडे घेऊन ट्रामने घरी आला. आईने दृष्ट काढली. उर्जा त्याला मिठी मारून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांचं पत्र आलं. एक पान, चार ओळी. प्रकरण बंद करण्यात येत आहे. पुरेसा संशय आढळला नाही. सरिताने मागची बाजूही उलटून पाहिली. ती कोरी होती.

"संपलं एकदाचं," कुमार म्हणाला. "फाइलला लाव."

सरिताने आधी त्याची प्रत काढली. मग खाली गेली. जिन्याच्या तळाशी, पत्रपेट्यांच्या शेजारी, इमारतीचा सूचनाफलक होता. गुरुवारी पाणी बंद, तळघरात सायकली लावू नयेत. मधे जागा करून तिने ते पान चार टाचण्यांनी लावलं.

"अगं, हे कशाला?" मागून आलेल्या कुमारने विचारलं. "सगळे वाचतील."

"तुम्हाला नेलं ते सगळ्यांनी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी इमारतीचा देखभालवाला वर आला. फलक फक्त घराच्या सूचनांसाठी आहे, खासगी पत्रं लावता येत नाहीत, म्हणाला. सरिता दारात उभी राहिली. चहा विचारला नाही.

"सहा माणसं या घरातून माझ्या नवऱ्याला घेऊन गेली," तिने सावकाश, पूर्ण वाक्यात सांगितलं. "नवऱ्याने काही केलं नव्हतं. म्हणून ही घराचीच सूचना आहे."

मग कागद किती दिवस ठेवणार, एवढंच त्याने विचारलं.

"त्रेपन्न," सरिता म्हणाली.

सोमवारी कुमार एका मुलाखतीसाठी लवकर निघाला. सरिता कचऱ्याची पिशवी घेऊन मागोमाग उतरत होती. समोरच्या म्हाताऱ्या बाई फलकापुढे उभ्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला टेकेल इतक्या जवळ. कुमारला बघून त्या बाजूला झाल्या. कागदाची एक टाचणी सैल होऊन कोपरा लोंबत होता. बाईंनी आपल्या अंगठ्याने ती दाबून बसवली, आणि कुमारसाठी बाहेरचं दार धरून ठेवलं.