दादाचं शेवटचं ‘झालं’

हार्ड डिस्क गेली तर सुतक कुणी पाळायचं? मी हे विचारलं तेव्हा पंखा नुसता फिरत राहिला.

मी धाकटा बोलतोय. हूवेई गावात बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांकडे एक संगणक आहे, त्यातली लहान हार्ड डिस्क. मोठी डिस्क म्हणजे माझा दादा. आगोंग, म्हणजे घरातले आजोबा, त्यांचा आवाज तो सांभाळायचा. बाकीची हमाली माझ्याकडे.

शिक्षण म्हणाल तर मला दोनच अक्षरं येतात. संगणक आम्हाला हुकूम देतो आणि त्यावर अक्षर चिकटवतो. डब्ल्यू म्हणजे लिही. ते आम्ही आधी तोंडात धरतो. एफ म्हणजे तोंडातला घास गिळ, तबकडीवर पक्का उतरव, मगच ‘झालं’ म्हण. कधी एकाच हुकमावर डब्ल्यूच्या पुढेमागे दोन एफ. आधीचं गिळ, हेही गिळ, आणि आ करून दाखव!

काही डिस्क न गिळताच ‘झालं’ म्हणतात. दादा तसला नव्हता.

आगोंगच्या घशाचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं, त्यानंतर आवाज राहणार नव्हता. खेळातले राजा, चोर, वाघ, सगळे त्याच गळ्यातून बोलायचे. नात यूए-ताव ते आवाज भरून घेत होती. म्हातारीच्या बाहुलीचं निरोपाचं बोलणं तेवढं राहिलं होतं. पण संगणक अडखळायला लागला, म्हणून तिने संगणक दुरुस्त करणाऱ्या लो मास्तरला बोलावलं.

आमच्याकडे मशीन शहाण्यासारखं चालावं म्हणून त्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात. मास्तरने आल्याआल्या संगणकाच्या डोक्यावर पाहिलं. “खाऊचं हिरवं पाकीट कुठाय? हे पिवळं कुणी ठेवलं?”

“हिरवं मी खाल्लं,” आगोंग घोगऱ्या आवाजात म्हणाले. “पाकीट ते पाकीट.”

“अहो, पिवळं पाहिलं की मशीन रुसतं. गाढवालासुद्धा कळतं!”

“मग गाढवालाच बोलवायचं होतं. तुझ्यापेक्षा लवकर आलं असतं.”

मास्तरने पुटपुटत माग काढणारा प्रोग्रॅम लावला. कोणता हुकूम गेला, त्यावर कोणतं अक्षर, ‘झालं’ कधी आलं, सगळं पडद्यावर ओळीने दिसू लागलं. त्याची नोंद माझ्यावर होत होती.

आगोंगनी म्हातारीची बाहुली हातात घातली आणि निरोप म्हटला. शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. मग नुसती हवा. आणि संगणक गोठला.

“बंद करून परत चालू करते,” यूए-तावने तारेला हात घातला.

“हात काढ!” मास्तर किंचाळला. “हे बघ, एफ गेलाय, ‘झालं’ आलेलं नाही. म्हातारी अजून त्याच्या तोंडात आहे!”

मी ओरडलो, “दादा, दे माझ्याकडे!” आमचं ओरडणं म्हणजे खरखर.

“आता लहानाचंही पोट बिघडलं,” मास्तर म्हणाला. “दोन पाकिटं आणा. हिरवी!”

यूए-ताव धावत गेली. आगोंगनी बाहुलीचा इवला हात दादाच्या बाजूला ठेवला आणि थोपटत राहिले.

आज दादाच्या जागी नवीन डिस्क आहे. टापटीप, बोलत नाही. दादाला उघडून मास्तरने सगळे आवाज काढले. म्हातारीसुद्धा, फाटलेल्या शब्दासकट. आगोंग ते ऐकतात आणि ओठ हलवतात. पाकीट हिरवंच असतं. कृपा करून कुणी खाऊ नका.

त्या दिवसाची नोंद मी कुणाला पुसू दिलेली नाही. दादाचं लिहिणारं डोकं तबकडीवर घासत होतं, तरी शेवटच्या एफसमोर, फार उशिराने, एक ओळ उमटली. त्याने म्हातारीला गिळलं, ‘झालं’ म्हटलं, आणि मगच थांबला.