आजीच्या कात्रीची दोरी

दोरी बोलतेय म्हणून दचकू नका. मी साधीसुधी, चिंध्यांची. एका गणवेशाची निळी पट्टी, अभ्र्याची पांढरी आणि कुणाच्या तरी झग्याची पिवळी, अशी तिपेडी वेणी घालून मला वळलं ते शिवणकाम करणाऱ्या आजीनं. कारण तिची नात. पोरगी इतकी वेंधळी की दिवसातून तीनदा कात्री हरवायची. सगळं घर शोधायला लागायचं आणि कात्री निघायची तिच्याच मांडीखालून.

आजीनं माझं एक टोक कात्रीच्या कडीत ओवलं, दुसरं नातीच्या कमरेला बांधलं. म्हणाली, "आता तू हरवलीस तरच कात्री हरवेल." शिस्तही लावली. हातातली वस्तू सोडायच्या आधी बांधायची.

पोरगी दोन वर्षं शिवणावर बसली. मग विजेच्या खांबांवर चढली. कात्रीच्या जागी माझ्याकडे पक्कड आली. मग बंदरात, बोटींची बुडं दुरुस्त करायला पाण्याखाली. मी खारट झाले, रंग विटला. बाप वैतागायचा, बोटींची बुडं बघते, हिचं बूड कधी ठरायचं? आजी म्हणायची, ठरेल, आधी सगळं बघून तर घेऊ दे.

एक दिवस पोरीनं अंतराळात जायचा अर्ज भरला. घरात हसून हसून पोटं दुखली. जिला स्वतःची चप्पल सापडत नाही, ती परत येताना पृथ्वी कशी शोधणार?

शेवटची परीक्षा मोठ्या हौदात होती. जड पोशाख घालून तळाशी काम करायचं आणि सातही हत्यारं परत आणायची. एक जरी राहिलं तरी घरी. कारण वर हातातून सुटलेलं खाली पडत नाही, जातच राहतं.

मी काठावर, तिच्या पिशवीतून लोंबत बघत होते. बाकीचे भराभर आटपून आले. कुणाचा पाना राहिला, कुणाची पक्कड. आमची बाई मात्र पोशाखाच्या दोऱ्यांना एकेक हत्यार बांधायची, मगच हात सोडायची. परीक्षक सारखा घड्याळ बघत होता. सगळ्यांच्या शेवटी आली, पण सात गेली होती, सात आली.

सही करायला परीक्षकानं आपलं पेन दिलं. दमलेल्या पोरीनं सही केली आणि सवयीनं मला पिशवीतून ओढून ते पेन त्याच्याच कोटाच्या काजाला बांधून टाकलं. तो चालायला लागला तर पेन मागोमाग. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं.

"हे कुणी शिकवलं?"

"आजीनं. मी फार हरवते."

"हरवत होतीस," तो म्हणाला, आणि तिच्या नावापुढे खूण केली.

आता आम्ही वर आहोत. जन्मभर लोंबकळले, इथे मांजराच्या शेपटीसारखी ताठ उभी राहते. काल ती सहा तास बाहेर जाऊन काम करून आली. मी आत, तिच्या झोपायच्या पिशवीला बांधलेली, जीव मुठीत धरून. आल्यावर आजी पडद्यावर दिसली. पृथ्वी कशी दिसते, हे तिनं विचारलंच नाही.

"सगळं आणलंस का परत?"

"हो आजी."

"आणि स्वतःला?"

पोरगी इतकी हसली की गरागरा फिरली.

खाली गेल्यावर म्हणे मला काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. तेवढं करू नका. आजीची कात्री तिकडे मोकळी पडलीय.