लाल रबराचा डबा

तिच्या फडताळात सतरा डबे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या वाफेने सुटतात, शाई पसरते, आणि कडेवर सात महिन्यांची मुलगी असताना वाचत बसायला सवड कुणाला? म्हणून तिने रबरांची पद्धत लावली होती. हिरवं रबर म्हणजे पानं वाळलीत, निवडायची आहेत. पिवळं म्हणजे निवडलीत, चुरायची आहेत. लाल म्हणजे तयार; वजन करा आणि पाकिटात भरा. गच्चीवर जाळ्या टाकून ती पुदिना, गवती चहा आणि असलंच काहीबाही वाळवायची आणि सर्दीखोकल्यावरचा पानांचा चहा म्हणून ओळखीपाळखीत विकायची. पाकीट पंचवीस ग्रॅमचं. त्यावर स्वतःच्या अक्षरात तारीख, वजन, किंमत आणि फोन नंबर. रसायनशास्त्र शिकताना लागलेली सवय, मोजलं की लिहायचं. त्या शिक्षणाचा तेवढाच उपयोग झाला, असं नवरा चिडवायचा.

त्या दिवशी सकाळी सासूबाई सोडून घरात सगळ्यांचंच नाक बंद होतं. लेक, ढब्बू, रात्रभर किरकिरली होती. नवरा कामासाठी परगावी, शनिवारी येणार. अशात साडेआठला वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई दारात उभ्या राहिल्या. पोलीस ठाण्यात वीस वर्षं टाइप करत होत्या. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना थोडे बिचकूनच असायचे.

"एक पाकीट दे बाई तुझ्या पाल्याचं. सगळं ठाणं शिंकतंय. आरोपीसुद्धा शिंकतोय."

"आत्ता देते काकू. दोनच मिनिटं."

"दोनच हं. तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत."

तिने एका हाताने ढब्बूला सावरलं, दुसऱ्या हाताने लाल रबराचा पहिला हाताला लागलेला छोटा डबा ओढला, काट्यावर पंचवीस ग्रॅम मोजले, पाकीट भरलं, लेबल लिहिलं, चिकटवलं. पानं जरा जाडसर वाटली. वास घेऊन बघायची रोजची सवय, पण नाकच नव्हतं तर वास कुठून येणार?

दहा वाजता सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. भिंतीला धरून, एक एक पाऊल टाकत. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसून त्यांची कंबर कामातून गेली होती. फडताळासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अगं, इथे मागे एक छोटा डबा होता."

"हा का? पुढेच आहे की. सकाळी काकूंना त्यातलंच दिलं."

सासूबाई ओट्याला टेकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय होतंय आई? बसा आधी."

"त्यातलं दिलंस?"

"लाल रबर होतं ना त्याला."

"रबर मी लावलं गं. झाकण सैल होतं, वास येत होता. समोर पडलं होतं ते लावलं." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "ते चहाचं नाही. माझं आहे. रात्री कमरेतून अशा कळा येतात की उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहते. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने आणून दिलं. चिमूटभर दुधात उकळून घेते. झोप लागते."

"पण आहे काय ते?"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि ज्या आवाजात मेलेल्या माणसाबद्दल बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "गांजा."

तिच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. पहिला विचार आला तो वेडगळ होता: काट्यावर पंचवीस बरोबर भरले होते ना? दुसरा विचार आला आणि ती मटकन खाली बसली. गांजाचं पाकीट तिने स्वतः भरलं होतं. स्वतःच्या अक्षरात, किमतीसकट, फोन नंबरसकट. आणि ते गेलं होतं पोलीस ठाण्यात.

मामेबहीण वकील होती. तिने तिला फोन लावला.

"अगं, माझ्या एका मैत्रिणीच्या घरी थोडा गांजा सापडला, तर काय होतं?"

"मैत्रिणीच्या," मामेबहीण म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मैत्रिणी फार. किती आहे?"

"मूठभर."

"स्वतःपुरता जवळ बाळगला असेल तर दंड, नाहीतर वर्षभराची कैद. वकील बरा असला तर दंडावर भागतं. तुझ्या मैत्रिणीने विकला नाही ना?"

"विकला तर?"

"मग गोष्टच वेगळी. वजन करून, पुड्या बांधून, किंमत लावून दिला म्हणजे धंदा झाला. त्यात पोलिसांनी साठा मोठा दाखवला तर दहा वर्षांपर्यंत जाऊ शकतं. जामीनसुद्धा पटकन होत नाही." पलीकडचा आवाज बदलला. "ए, तू बरी आहेस ना?"

"मुलगी रडतेय, ठेवते," ती म्हणाली. मुलगी रडत नव्हती. मुलगी तिचा कान ओढत होती.

दहा वर्षं. ढब्बू शाळेत जाईल, तिचे दात पडतील आणि नवे येतील, आणि कधीतरी कुणीतरी तिला काचेपलीकडची बाई दाखवून सांगेल, ही तुझी आई. ती अजून अंगावर पीत होती. दर तीन तासांनी. कोठडीत तीन तासांचं कोण बघणार?

"मी जाते तिथे," सासूबाई म्हणाल्या. "सांगते माझं आहे म्हणून. म्हातारीला काय करतील?"

"तुम्हाला जिना उतरायला अर्धा तास लागतो आई." ती तुटक बोलली आणि लगेच वाईट वाटलं. "आणि लेबलवर अक्षर माझं आहे."

तिने मोठ्या डब्यातून चहाचं खरंखुरं पाकीट भरलं. या वेळी पानं जिभेवर ठेवून बघितली. मग ढब्बूला झोळीत बांधलं आणि निघाली.

ठाणं चालत बारा मिनिटांवर. वाटेत समोरून येणारा प्रत्येक माणूस तिच्या पिशवीकडे बघत होता असं तिला वाटलं. बघत होते ते ढब्बूला. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "काय काम?" तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं: "टायपिस्टबाईंकडे. चहाचं पाकीट बदलायचंय." शिपाई शिंकला आणि आत हात दाखवला.

खोलीत तीन टेबलं, फायलींचे गठ्ठे, कोपऱ्यात विजेची किटली. किटलीशेजारी तिचं पाकीट, तोंड दुमडून कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेलं. आणि किटलीसमोर पाठमोरे फौजदार, हातात रिकामा कप.

टायपिस्टबाई यंत्रावरून उठल्या नाहीत. फक्त चष्म्यावरून बघितलं.

"काकू, ते सकाळचं पाकीट," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिलाच परका वाटला. "त्या वाळवणाला कीड लागली होती. आत्ता लक्षात आलं. दुसरं आणलंय."

फौजदार वळले. मोठं लालबुंद नाक, पाणावलेले डोळे. "कीड आम्हाला नवीन नाही. आमच्या जेवणाच्या डब्यांतही असते." त्यांनी पाकीट उचललं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं. "पण बाई, यावर ना नाव ना पत्ता. असा माल विकता येत नाही, माहीत आहे ना?"

तिने पाहिलं. पाकिटावर लेबल नव्हतं. जिथे ते होतं तिथे नुसता चिकट चौकोन राहिला होता.

लेबल कुणी काढलं? कुणीतरी काढून जपून ठेवलं होतं म्हणजे. कागदाला टाचलं असेल. फौजदारांचा अंगठा चिमट्यावर होता. त्यांनी तो दाबला असता तर पाकीट उघडलं असतं. सर्दी कितीही असली तरी त्या नाकाने वीस-पंचवीस वर्षं हाच वास ओळखला असणार.

तेवढ्यात ढब्बू शिंकली. समोरासमोर, थेट फौजदारांच्या शर्टावर.

"घ्या," टायपिस्टबाई उठत म्हणाल्या, "हिनेही हजेरी लावली. द्या ते इकडे साहेब, कीडबीड कपात पडेल." त्यांनी फौजदारांच्या हातातून पाकीट असं काढून घेतलं जसं एखाद्या पोराच्या हातातून घ्यावं, तिच्या पिशवीत टाकलं, नवं पाकीट घेऊन किटलीशेजारी ठेवलं. "आणि तू जा आता. बाळाला घेऊन इथे कशाला उभी? हवा चांगली नाही इथली."

ती गेली. पळाली नाही, पळायचं नाही एवढंच स्वतःला सांगत बारा मिनिटं चालली. घरी येऊन तिने पाकीट काट्यावर ठेवलं. पंचवीस. एक पानही कमी नव्हतं. पण लेबल तिकडेच राहिलं होतं.

ती संडासात शिरली. आधी पाकीट रिकामं केलं, मग डबा. सासूबाई दाराशी उभ्या होत्या, चौकटीला धरून.

"आजच्यापुरतं चिमूटभर," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "नको. टाक."

तिने साखळी ओढली. पाणी गोल फिरलं. चार पानं वर तरंगत राहिली, म्हणून पुन्हा ओढली. सासूबाईंनी ते सगळं बघितलं आणि त्या आत जाऊन पडल्या. भिंतीपलीकडून त्यांचं कुशीवर वळणं ऐकू येत होतं. वळताना प्रत्येक वेळी श्वास अडकत होता.

दुपार सरता सरेना. जिन्यात बूट वाजले की ती ढब्बूला उचलून घ्यायची, जणू उचलून घेतलेल्या मुलीला कुणी सोडवू शकणार नव्हतं. फोन वाजला तर नुसता विजेचं बिल भरा म्हणून. चार वाजता तिने एक पिशवी भरली: लंगोट, झबली, दुधाची बाटली. सासूबाईंना बाटली कशी उकळायची ते सांगितलं. सासूबाईंनी तीन पोरं वाढवली होती, तरी त्यांनी सगळं निमूट ऐकून घेतलं.

सहा वाजता पावलं वर आली आणि तिच्याच मजल्यावर थांबली. बेल वाजली.

टायपिस्टबाई एकट्याच होत्या. त्या आत आल्या नाहीत. पर्समधून चष्म्याचं घर काढलं, त्यातून घडी घातलेला कागद काढला. तिचं लेबल. तारीख, पंचवीस ग्रॅम, किंमत, फोन नंबर.

"चिमटा लावायच्या आधीच कळलं होतं मला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जप्तीचा माल समोर ठेवून किती याद्या टाइप केल्या असतील या हातांनी. आधी लेबल काढलं, मग विचार करत बसले. फोन करणार होते, पण त्या खोलीतून फोनवर काय बोलणार? निघताना आमच्या पिशव्या बघतात, आल्यागेल्यांच्या नाही. तू आलीस ते बरं झालं."

"काकू, ते..."

"सांगू नकोस. मला विचारलं तर खोटं बोलता येत नाही, म्हणून ऐकायचंच नाही मला." मग भिंतीपलीकडचं कण्हणं त्यांनीही ऐकलं. "सरकारी दवाखान्यात दुखण्याचा वेगळा डॉक्टर बसतो, गुरुवारी. तो कागदावर गोळ्या लिहून देतो. कागद असला की कुणाला घाबरायचं कारण नाही. घेऊन जा त्यांना. टॅक्सीने ने."

"हो."

"आणि आज मी शेजारीण होते. रोज असेनच असं नाही."

त्या वर निघून गेल्या. तिने लेबल गॅसवर धरलं. फोन नंबर सगळ्यात शेवटी जळला. मग ती फडताळासमोर बसली आणि सतराच्या सतरा डब्यांची रबरं काढून एक एक डबा उघडून बघू लागली. नाक अजून बंदच होतं. म्हणून तिने सासूबाईंना हाक मारली. त्या कण्हत उठून आल्या, तिच्या शेजारी खुर्चीत बसल्या आणि एक एक डबा नाकाशी धरून सांगू लागल्या.

"पुदिना."

"नक्की?"

"पुदिनाच गं."

तरी तिने त्यातलं एक पान जिभेवर ठेवून पाहिलं.